पेरांवरची तारीख

सोमवार, ४ मार्च

आज चष्मा मिळाला. चष्मा कसला — डबाच. डोक्याला पट्टा, डोळ्यांपुढे काळी काच, आणि काचेतून पलीकडचं सगळं दिसतं. भिंत, माणसं, स्वतःचे हात. फक्त त्यात आणखी काहीतरी मिसळलेलं असतं. कंपनीने आम्हा लिफ्ट-सुपरवायझरना एकेक दिलाय. कुठल्या इमारतीतली कुठली लिफ्ट कधी तपासायची, ते आता डोळ्यांपुढे हवेत दिसणार. कॅलेंडर उघडतं, भिंतीएवढं. चौकोनाकडे बघायचं, अंगठा बोटाला टेकवायचा, की त्यातलं काम हातात येतं. दुसऱ्या चौकोनात नेऊन सोडलं की त्या दिवशी जातं.

माझा जोडीदार मेकॅनिक, त्याला सगळे स्प्रिंग म्हणतात, कारण एका जागी बसणं त्याला माहीत नाही. तो मला बघून म्हणाला, "टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात ना, तसे दिसताय. चला, टक टक टक."

हसू आलं. पण झापडं घोड्याला कमी दिसावं म्हणून असतात. मला तर जास्त दिसत होतं.

मंगळवार, ५ मार्च

सराव व्हावा म्हणून चष्मा घरी आणायची परवानगी आहे. घरातली मोकळी भिंत म्हणजे देवाच्या फळीच्या वरची. तिथे खिळ्याला कागदी कॅलेंडर होतं. ते काढलं आणि त्या जागी हवेतलं टांगलं. एकदा टांगलं की ते हलत नाही. चष्मा काढला की भिंत कोरी, घातला की पुन्हा जागच्या जागी.

ही स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "कॅलेंडर काढलंत?"

"हे काय, इथेच आहे की."

ती भिंतीकडे बघत राहिली. "तुम्हाला असेल. मला खिळा दिसतोय."

कागदी कॅलेंडरची गुंडाळी उचलून घेऊन गेली. कुठे ठेवली, मी विचारलं नाही.

गुरुवार, ७ मार्च

मुलाने तिकडून — नोकरीच्या गावाहून — फोनवर सांगत सांगत घरचं खातं माझ्या कॅलेंडराला जोडून दिलं. लिफ्टची कामं हिरवी, घरची नारिंगी. दवाखान्याच्या तारखाही आपोआप येतील म्हणाला. "पण बाबा, जपून. तुम्ही तारीख हलवलीत की त्यांच्याकडे बदलाची विनंती जाते. गंमत म्हणून हात लावू नका."

त्याचं बोलणं संपायच्या आत एक नारिंगी चौकोन उमटला. उद्याचा. हिच्या गळ्याचा.

इतके दिवस लिहायला हात वळत नव्हता. लिहून टाकतो. हिच्या गळ्यात उजव्या बाजूला मोठ्या बोराएवढी गाठ आहे. मोठ्या डॉक्टरांनी गेल्या महिन्यात तपासलं. काढावी लागेल, म्हणाले, आणि आवाजाची नस नेमकी तिथूनच जाते. ही शिशुवर्गाची बाई. दिवसभर गाणी आणि गोष्टी. मोठे डॉक्टर हिला म्हणाले, "वर्गात कुठलं गाणं जास्त चालतं? म्हणा बघू." त्यांचा हात गळ्यावर असताना हिने बेडकाचं गाणं म्हटलं. अगदी हातवाऱ्यांसकट. बाहेरची सिस्टर दारातून डोकावून गेली. डॉक्टरही शेवटच्या "डराव"ला मान हलवत होते.

मग ते मोठ्या सुटीवर गेले. उद्या धाकटे डॉक्टर बघणार आहेत.

शुक्रवार, ८ मार्च

धाकटे डॉक्टर हुशार, नेमकं बोलणारे. कागदावर गळ्याचं चित्र काढून माझ्यापुढे सरकवलं. नस कुठून जाते, गाठ कुठे टेकलीय, सगळं पेनाने दाखवलं. "गाठ वाढतेय. थांबू नये असं माझं मत. एकोणीस तारखेला मी करू शकतो. मोठ्या डॉक्टरांच्याच हातून हवं असेल तर ते परत आल्यावर, नऊ एप्रिलला. या नसेवर त्यांचा हात बसलेला आहे, ते मी नाकारत नाही. ठरवा आणि सांगा." तूर्त एकोणीसची नोंद केली.

लवकर की बसलेला हात? थांबलो आणि गाठ नसेत घुसली तर? घाई केली आणि नस दुखावली तर? तराजूची दोन्ही पारडी सारखी. मी एक उचलतो, दुसरं खाली जातं.

बसमध्ये ही खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मोठे डॉक्टर माणूस म्हणून बरे होते."

मी म्हटलं, "तू काळजी करू नकोस. बघतो मी काय ते."

सोमवार, ११ मार्च

आज फजिती. मशीन रूममध्ये स्प्रिंग ब्रेक खोलून बसला होता, मी शेजारी स्टुलावर, चष्मा डोळ्यांवर. हात रिकामे असले की माझा अंगठा आपोआप बोटांच्या पेरांवर फिरायला लागतो. एका पेराला एक नाव. गावच्या शाळेत गुरुजींनी या पेरांवर पाढे मोजायला शिकवलं, आणि आईने त्याच पेरांवर देवाचं नाव. पाढे आता लागत नाहीत. नाव चालू असतं. ओठ हलत नाहीत, शेजारच्याला पत्ताही लागत नाही.

चष्म्याला लागला! अंगठा बोटाला टेकला की त्याला वाटतं, याने काम उचललं. मी समोर बघत नाम घेतोय आणि तिकडे कामं उड्या मारतायत. दोरांची तपासणी पुढच्या आठवड्यात, दरवाजे रविवारी, एक लिफ्ट तर थेट पुढच्या वर्षी.

साहेबांचा फोन. "रविवारी दरवाजे कोण उघडणार आहे? तुम्ही की मी?"

स्प्रिंगला खरं कारण सांगितलं तर तो हातातला पाना ठेवून हसत सुटला. "तुमचा देव भारी कामाचा निघाला. सगळं पुढे ढकललं एका झटक्यात. माझ्या रजेचंही बघा म्हणावं."

सगळं आठवून आठवून जागेवर लावलं. नाम घेताना चष्मा काढायचा — ठरवून टाकलं.

बुधवार, १३ मार्च

या कॅलेंडरात पुढे जायला अंत नाही. बोटाने ढकलत राहिलं की वर्षं सरकतात. मी साठीचा होईन तेही साल पाहिलं. कोरं. फक्त दर महिन्याला हिरवी रेघ: दवाखान्यातली ट्रॉलीची लिफ्ट, तपासणी. साहेबांनी तिला 'कायम' लावलंय. आणि दर वर्षी एक नारिंगी — हिचा वाढदिवस. मुलाने लावलेला. तोही कायम.

यंत्राला कायम म्हणणं किती सोपं आहे.

गुरुजी रोज सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात तारीख लिहायचे. कालची पुसून आजची. पुसताना जी खडूची भुकटी उडायची, तोच काल. उद्याची तारीख त्यांनी कधी आदल्या दिवशी लिहिली नाही. एकदा कोणीतरी विचारलंही — गुरुजी, उद्याची आत्ताच लिहून ठेवा ना, वेळ वाचेल. ते म्हणाले, "उद्या मी येईन कशावरून?" आम्ही हसलो होतो.

गुरुवार, १४ मार्च

अजून ठरत नाही. आज दिवेलागणीला देवापुढे बसलो. दोन्ही तारखा डोळ्यांपुढे ठेवूनच विचारावं असं वाटलं, म्हणून चष्मा काढला नाही. एकोणीस मार्चचा नारिंगी चौकोन, खाली बाजूला नऊ एप्रिल, रिकामा. त्यांच्यातून पलीकडे दिव्याची ज्योत दिसत होती. म्हटलं, देवा, मला यातलं कळत नाही. तू दाखव.

किती वेळ बसलो कोण जाणे. हीच बोलवायला आली. "जेवायचं ना? डब्यासकट जेवणार की काढून?"

शुक्रवार, १५ मार्च

कामावरून आलो, चष्मा घातला. एकोणीस रिकामी. नारिंगी चौकोन नऊ एप्रिलवर जाऊन बसलाय.

काल नाम घेत होतो. पेरांवर. चष्मा डोळ्यांवर. ठरवलं होतं, तरीही. उठताना कॅलेंडराकडे नीट पाहिलं का? आठवत नाही.

ही मुलांसाठी कागदाचे बेडूक कापत बसली होती. मी एवढंच म्हटलं, "तारीख पुढे गेलीय. नऊ एप्रिल."

कात्री थांबली. "हो. चालेल ना तुम्हाला?"

स्वतःच्या गळ्याचं दुखणं, आणि मला विचारते, चालेल ना. मला धीर देत होती. "चालेल," म्हटलं. माझ्या बोटांमुळे गेली, हे तोंडून निघालं नाही.

शनिवार, १६ मार्च

दवाखान्याच्या खिडकीवर गेलो. म्हटलं, चूक झाली, परत एकोणीस करून द्या. खिडकीतली मुलगी पडद्यावर बघून म्हणाली, "ती जागा दुसऱ्या पेशंटला गेली, काका. आता नऊच."

"बदल कोणी केला ते दिसतं का?"

"विनंतीवरून, एवढंच आहे."

मागे रांग होती. बाजूला झालो.

बुधवार, २० मार्च

काल एकोणीस होती. ही नेहमीसारखी शाळेत गेली. मी लिफ्टचे दरवाजे मोजले. बाकी काही नाही.

मंगळवार, २६ मार्च

सकाळी हिने हाक मारली आणि आवाज मधेच फाटला. जुन्या कापडासारखा. ती म्हणाली, "मुलं ओरडायला लावतात हो." पाणी प्यायली. पुन्हा हाक मारली, पुन्हा तसाच.

धाकटे डॉक्टर म्हणाले होते, थांबू नये.

दिवसभर डोक्यात एकच. माझ्या अंगठ्याने हिचा आवाज पुढे ढकलला. देवाचं नाव घेता घेता. दुसरं काही करताना झालं असतं तर स्वतःला दोन शिव्या तरी देता आल्या असत्या. नाम घेताना झालेल्या चुकीला काय म्हणायचं?

आज देवापुढे बसलो, पण हात मांडीखाली दाबून.

सोमवार, १ एप्रिल

उद्यापासून हिची रजा. शाळेचा आजचा शेवटचा दिवस म्हणून आणायला गेलो. वर्गाबाहेर उभा राहिलो. आत बेडकाचं गाणं चाललं होतं. हिचा आवाज दुसऱ्या ओळीलाच बसला. मला वाटलं, आता गाणं थांबणार. पण पोरांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी गाणं पुढे ओढून नेलं, बेंबीच्या देठापासून ओरडत. ही नुसते हात हलवत होती. शेवटचं "डराव" इतक्या जोरात की शेजारच्या वर्गाच्या बाई बाहेर आल्या.

रस्त्यात म्हणाली, "आता येतं त्यांना. महिन्यापूर्वी एकालाही पूर्ण येत नव्हतं."

म्हणजे एकोणीसला झालं असतं तर हे गाणं अर्धवट राहिलं असतं. मनात आलं — त्यानेच तर माझं बोट हलवलं नसेल? मी म्हटलं होतं ना, तू दाखव. त्याने दाखवलं.

छातीवरचं ओझं एकदम उतरलं. घरापर्यंत हलका होतो. कुलूप काढताना वाटलं, किती सोयीचं आहे हे. चूक माझी असेल तेव्हा बोट माझं, चांगलं दिसायला लागलं की बोट त्याचं.

शनिवार, ६ एप्रिल

हिच्या दवाखान्यातली ती ट्रॉलीची लिफ्ट आमच्याच कंत्राटात आहे. ऑपरेशनच्या मजल्यावर ती बोटभर खाली थांबते. चालणाऱ्या माणसाला कळत नाही, पण ट्रॉलीचं चाक उंबऱ्याला धडकतं आणि वरच्या पेशंटला हिसका बसतो. तपासणीची तारीख या महिन्याच्या शेवटी. आज मुद्दाम — देवाशपथ मुद्दाम — चौकोन उचलून आजवर आणला. साहेबांना कारण सांगितलं. ते म्हणाले, "विचारता काय, करा."

सगळी दुपार लागली. शेवटी स्प्रिंग रिकाम्या ट्रॉलीवर आडवा झाला. "ढकला. माझ्या कंबरेला कळलं नाही तर वहिनींच्या गळ्यालाही कळणार नाही."

तीनदा वर-खाली नेला. तिसऱ्या खेपेला त्याने डोळे मिटून घेतले होते. म्हटलं, काय रे, धक्का?

"नाही. गप बसा. झोप लागत होती."

मंगळवार, ९ एप्रिल

झालं.

गाठ नसेला चिकटलेली होती. मोठ्या डॉक्टरांनी सोडवली. "आवाज येईल. पूर्वीचाच येईल असं नाही म्हणत." मी धीर करून विचारलं, तीन आठवडे आधी केलं असतं तर? ते दमलेले होते. टोपी काढून म्हणाले, "ते मी कसं सांगू? तेव्हा मी इथे नव्हतो."

सकाळी धाकटे डॉक्टर लिफ्टपाशी भेटले होते. "म्हणजे थांबायचंच ठरवलंत," एवढंच म्हणाले. ट्रॉली आत गेली. चाक अडखळलं नाही. हिने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला, माझी करामत ओळखल्यासारखा.

शनिवार, १३ एप्रिल

ही घरी. एकवीस तारखेपर्यंत बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. शाळेतली पाटी घेऊन बसलीय. मी चष्मा घालून गोळ्यांच्या वेळा लावत होतो, तर पाटी माझ्या काचेपुढे धरली: "डबा काढा. माणूस दिसू द्या."

गुरुवार, १८ एप्रिल

रिपोर्ट आला. गाठ साधी. मुलगा फोनवर रडला. हिने पाटीवर बेडूक काढला.

मी नेहमीसारखा देवापुढे बसलो. पण आभार मानायलाही संकोच वाटतो. आपण त्याच्याकडे कुठल्या तोंडाने आलोय तेच कळत नसेल तर काय बोलायचं?

रविवार, २१ एप्रिल

उद्या तिला सांगायचं. पेरांचं, चष्म्याचं, सगळं. आधीच सांगणार होतो. पण पाटीवर माणसाला रागवता तरी किती येणार? उद्या बोलायची परवानगी आहे. पोटभर रागावू दे.

सोमवार, २२ एप्रिल

सकाळी चहा झाल्यावर सांगितलं. चौदा मार्चच्या संध्याकाळपासून, काही न गाळता. ती ऐकत होती. मधेच तिने कप खाली ठेवला.

मग बोलली. आवाज खाली गेलाय, खरखरीत, ओळखीचा नाही.

"तारीख मी बदलली. त्या शुक्रवारी दुपारी शाळेतून दवाखान्यात गेले होते, सिस्टरकडे. मोठ्या डॉक्टरांच्याच हातून हवं म्हटलं. धाकटे डॉक्टर माझ्या गळ्याचं सगळं तुम्हालाच सांगत होते." दम घेतला. "संध्याकाळी तुम्ही म्हणालात, तारीख पुढे गेलीय. मला वाटलं, भिंतीवर दिसली आणि पटली तुम्हाला."

मी खाली पाहिलं. अंगठा पेरावर होता.

"मला विचारायचं होतंत," ती म्हणाली, आणि त्या नव्या आवाजात हसायचा प्रयत्न केला.

आत जाऊन कपाटामागून कागदी कॅलेंडर काढून आणलं. खिळ्याला तिनेच लावलं.

महिनाभर मी देवाला विचारत बसलो होतो. ती शेजारच्या खोलीत होती.